सगळे मावतील अशी गाडी

किरणभाऊ आणि नूतनवहिनी गाडी बघायला धुळ्याला गेले ते मोटरसायकलवर. तीन मुलं आणि दोन कुत्री मावतील अशी गाडी त्यांना हवी होती. मुलं आणि कुत्री मात्र साक्रीला घरीच ठेवली, कारण सगळ्यांना न्यायचं तर गाडी लागली असती. येताना कुसुंब्याच्या पुढे, अंधार पडल्यावर, उसाची एक ट्रॉली बिनलाइटची रस्त्यात उभी होती. ट्रॉली रिकामी होती. त्यानंतर मी पुष्कळ गाड्या बघितल्या, पण एवढी ऐसपैस एकही नव्हती.

मी भूपेंद्र, किरणभाऊचा धाकटा भाऊ. जळगावला पाइपांच्या कंपनीत आहे, दोन खोल्यांत राहतो, लग्न व्हायचंय. सुतकाच्या घरात विनोद करू नको, असं मला सगळ्यांनी बजावलं. मी करत नव्हतो. समोर दिसेल ते सांगत होतो.

दारावर येणारी माणसं कमी झाली तसा मुलांचा विषय निघाला. तो मंजुळाआत्याने काढला. मंजुळाआत्या म्हणजे माझ्या वडलांची, चुडामण आबांची, थोरली बहीण. दोंडाईच्याची. आमच्या घरात कुणी कुठे निजायचं इथपासून कुणी कुणाशी लग्न करायचं इथपर्यंत सगळं तीच ठरवते.

"मेघाले मी लई जास," ती म्हणाली. "प्रेमराज रावेरले, मामाकडे. धाकली चिमी आठेच आबाजोडे राही. कुत्रा वावरमा सोडी द्या."

रावेरचे लीलाधरमामा, म्हणजे वहिनीचे भाऊ, मान हलवून म्हणाले, "आमच्या गाडीत एक सीट रिकामी आहेच. केळीच्या बागेत पोरगं रमेल."

वावराच्या वाटण्या मी लहानपणी बघितल्या होत्या. त्याला निदान तलाठी लागतो. इथे तलाठी होता, पण तो कोपऱ्यात पाय वर करून अंग चाटत होता. आमच्या मोठ्या कुत्र्याचं नाव तलाठी. हाक मारल्यावर तो कधी जागेवर सापडत नाही म्हणून किरणभाऊने ठेवलेलं. दुसरी जिलबी. ती झोपली की का ते कळतं.

"तिघंही माझ्याकडे जळगावला येतील," मी म्हणालो.

आत्याने माझ्याकडे बघितलं. "कशावर? तुन्हा फटफटीवर?"

आत्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तिने तोंडाला पदर लावला. मग डोळे पुसून म्हणाली, "गंधमुक्तीलोंग गाडी आन. बठ्ठा मावतीन अशी. मंग बोल."

गंधमुक्ती म्हणजे कपाळाला गंध लावून सुतक संपवायचं. तेवढीच मुदत. आबा खांबाला टेकून बसले होते. अपघातापासून ते एक शब्द बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत.

दारात मेघा उभी होती. अकरा वर्षांची. म्हणाली, "कुत्र्यांसकट मावली पाहिजेत, आत्याआजी."

"हां, कुत्राबी," आत्या म्हणाली. तिला वाटलं, होत नाहीच तर कबूल करायला काय जातं.

सुतकात नवी वस्तू घेत नाहीत, म्हणून जुनी घ्यायची ठरली. माझ्या ऐपतीतही तेवढंच बसत होतं. एसटीचा कंडक्टर कुत्र्यांना घेईना, त्यामुळे आम्ही सहा जण दुधाच्या पिकअपमध्ये, कॅनांच्या मधे बसून धुळ्याला गेलो. कुसुंब्याला मी मुलांना म्हटलं, आकाशात बघा, विमान चाललंय. तिघांनी वर बघितलं. कुत्र्यांनी रस्त्याकडे बघितलं.

हबीबभाईंचा जुन्या गाड्यांचा वाडा हायवेलगत आहे. पांढरी दाढी, हातात फडकं. दिसेल ती गाडी पुसत राहायची सवय. त्यांनी आधी एक छोटी लाल गाडी दाखवली. मेघा आत शिरली आणि मापं घ्यायला लागली.

"प्रेम, तू इकडे. चिमी मधे. मी खिडकीशी. जिलबी पायाशी, तलाठी डिकीत." सगळे मावले. हबीबभाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी पुढचं दार उघडलं.

"काका, तिथे नाही. ती पप्पांची सीट आहे."

मी वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलो.

"ती आईची."

मी बाहेर उभा राहिलो. बाहेर भरपूर जागा होती.

हबीबभाईंनी मला बाजूला घेतलं. "अम्मी-अब्बा मागून येणार आहेत का?"

मी मान हलवली. नाही. त्यांनी मुलांकडे बघितलं आणि फडकं खांद्यावर टाकलं. "मग मोठी लागेल," म्हणाले.

मी मेघाजवळ उकिडवा बसलो. "मेघा, बेटा, आई-पप्पा..."

"मला माहितीये, काका. मी जाळताना होते तिथे." ती सीटची धूळ झटकत होती. "पण गाडी त्यांना घ्यायची होती ना? मग त्यांना जागा नको?"



"मग गाडी चालवणार कोण?" सात वर्षांच्या प्रेमराजने विचारलं. आमच्या घरात हा एकटाच व्यवहारी.

मेघाने विचार केला. "काका ड्रायव्हर. लीलाधरमामाकडे पण ड्रायव्हर आहे. तो काय मालक असतो का? मालक शेजारी बसतो." म्हणजे पप्पा माझ्या डावीकडे. आई मागे खिडकीशी, कारण तिला गाडी लागते. अशी मला दुसरी नोकरी लागली. पगाराचं बोलणं झालं नाही.

आता ड्रायव्हर, मालक, मालकीणबाई, तीन मुलं, दोन कुत्री. हबीबभाईंनी एक सात सीटची गाडी दाखवली. ती बघून मुलं खूश झाली आणि मी किंमत ऐकून बाहेर आलो. शाळेच्या मुलांची व्हॅन होती. तिला जाळ्या होत्या, त्या बघून तलाठीने असा गळा काढला की शेजारच्या पंक्चरवाल्याने काम थांबवलं. एक जीप होती, तिचं मागचं दार आपणहून उघडायचं. चिमी दोनदा मातीत पडली आणि दोन्ही वेळा हसली. गेल्या कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती, त्यामुळे ती जीप घ्यावी असं क्षणभर माझ्या मनात आलं.

शेवटी वाड्याच्या टोकाला, निंबाखाली, एक लांबलचक पांढरी गाडी दिसली. पुढे दोन सीटा. मागे एका बाजूने लांब बाक. मधे पत्र्याची मोकळी जमीन, आडवा माणूस मावेल एवढी. हबीबभाई ती दाखवत नव्हते. पण कुत्री आपणहून आत चढली आणि मधल्या जागेत पसरली. जिलबीने लगेच वेटोळं केलं.

मेघाने मापं घेतली. पप्पा पुढे. बाकावर आई, चिमी, प्रेम, ती. "जागा उरतेय," ती म्हणाली. तिच्या आवाजाला तरतरी आली होती.

"भूपेंद्रभाऊ," हबीबभाई हळूच म्हणाले, "मी झूठ नाही बोलणार. ही मय्यतची गाडी आहे. एका मंडळाची होती, त्यांनी नवी घेतली. इंजिन एक नंबर. कमी चाललेली, सावकाश चाललेली. हिला कुणी कधी पळवलीच नाही."

मुलांना न सांगता घेतली असती तर ते पाप ठरलं असतं. मी सांगितलं. "मेघा, हिच्यातून मेलेली माणसं नेत होते."

मेघाने जरा वेळ बाकाकडे बघितलं.

"मग आई-पप्पांना चालेल," ती म्हणाली.

हबीबभाईंनी फडक्याने डोळे पुसले, आणि मग त्याच फडक्याने काच पुसली. किंमत सांगितली ती भंगाराची होती. बाजूला लिहिलेल्या 'स्वर्गरथ'वर रंगाचा हात मारून देतो म्हणाले.

गंधमुक्तीच्या दिवशी सकाळी मी एकटाच धुळ्याहून गाडी घेऊन निघालो. रस्त्यात कुणी ओव्हरटेक करत नव्हतं. दोन म्हाताऱ्यांनी सायकलवरून उतरून हात जोडले. रंगाचा हात एकच मारलेला, उन्हात अक्षरं आतून वर आली होती.

साक्रीला पोचलो तेव्हा मांडवात सगळ्यांच्या कपाळाला गंध लागलं होतं. सुतक संपलं होतं. मी गाडी मांडवाला लावली, आणि पंगतीची तयारी करणारे दहा-बारा जण उभे राहिले.

"कोण गेलं?" कुणीतरी घाबरून विचारलं.

"आम्ही," मी म्हणालो. "जळगावला."

मंजुळाआत्या पुढे आली, अक्षरं वाचली आणि तिथेच थांबली. "अरे देवा! मुडदानी गाडी लई उना हाऊ!"

तेवढ्यात मेघाने चिमीला कडेवर घेतलं, प्रेमला हाताला धरलं आणि मांडवातून सरळ गाडीत. मागून जिलबी. तलाठीसुद्धा एका हाकेत आला. मेघाने आतून दार ओढून घेतलं.

लीलाधरमामा तरातरा निघाले. प्रेमराजची पिशवी त्यांच्या गाडीत केव्हाच जाऊन पडली होती. गाडीपासून दोन हातांवर आल्यावर त्यांना मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, हात लावू नका! आताच गंध लागलंय. पुन्हा सुतक लागेल!"

मामा थांबले. मग मांडवात चर्चा सुरू झाली. एक नाना म्हणाले, गाडी रिकामी असेल तर सुतक लागत नाही. दुसरे म्हणाले, पण कुत्रं झोपलंय ना तिच्यात. तिसऱ्यांचं म्हणणं, रंग लावलाय, रंगाने जातं. अक्षरं दिसताहेत तोवर जात नाही, असं चौथ्यांनी सांगितलं. माझ्या भावाला आणि वहिनीला जाळून आल्यापासून मांडवात एवढा जिवंतपणा मी पाहिला नव्हता. पण गाडीला हात लावायला कुणी पुढे आलं नाही. मामांनी पिशवी लांबूनच माझ्याकडे फेकली. त्यांचे डोळे भरले होते. "स्वेटर आहे आत," एवढंच म्हणाले.

मला गंध लागलंच नव्हतं. हिशोबाने मी अजून सुतकातच आहे. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो.

आत्या मात्र हटली नाही. "अशी गाडीमा पोरे धाडशी का? चुडामण, तू सांग. तुन्हा शब्द. खाले उतार त्यास्ले."

सगळे आबांकडे बघायला लागले. आबा "उतरव" म्हणाले असते तर मी तिघांना उतरवलं असतं. आमच्याकडे बापाच्या शब्दापुढे गाडी जात नाही. मागे मेघाने चिमीला इतकं घट्ट धरलं होतं की चिमी रडायला लागली.

आबा खांबापासून उठले. मांडवातून चालत आले. मधे थांबून उपरण्याच्या टोकाने कपाळावरचं गंध पुसलं. बायकांमधून एक हुंदका आला. आबांनी डावीकडचं दार उघडलं.

"आबा," मेघा मागून म्हणाली, "ती पप्पांची सीट आहे."

"माले माहीत शे, बेटा." इतक्या दिवसांनी आलेला आवाज, गंजलेला. "मी त्याना बाप शे."

मेघा पुढे वाकली. "मग पप्पा कुठे बसतील?"

आबा आत चढले. दोन्ही गुडघे जुळवले, उपरणं नीट केलं.

"मन्हा मांडीवर," ते म्हणाले.

मंजुळाआत्या खाली मातीत बसली. मी गाडी सुरू केली.

कुसुंबा आलं, गेलं. मी विमान दाखवलं नाही. धुळ्यापर्यंत आबांनी मांडी हलवली नाही. मी विचारलं, "आबा, पाय अवघडले असतील, जरा थांबू का?"

"तू गाडी हाक," ते म्हणाले. "तो आत्तेच निजेल शे."