मोहोळच्या पुढचं मांजर

वैजयंतीनं कूलरमध्ये बादली ओतली ती अशी, की निम्मं पाणी फरशीवर गेलं. पुसायला ती वाकली नाही. दिवाणावर आडव्या झालेल्या जोतीरामनं, तिच्या थोरल्या भावानं, टीव्हीवरची नजर न काढता पाय तेवढे वर घेतले.

टीव्हीवर बर्फ पडत होता. सोलापुरातली मे महिन्याची दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि पडद्यावरची माणसं लोकरीच्या टोप्या घालून नाताळचं झाड सजवत होती. सिनेमा लावला होता पुण्याहून सुट्टीला आलेल्या अंकितानं, जोतीरामच्या मुलीनं. हिंदीत डब केलेला. त्यामुळे तिथली गोरी म्हातारीसुद्धा नायिकेला 'बेटी, दिल की सुन' म्हणत होती. केकचं दुकान चालवणारी एक बाई, नाताळच्या सुट्टीपुरता गावात आलेला एक एकटा पुरुष, आणि दोघांची दोन मांजरं. तिचं तांबूस, त्याचं पांढरं. माणसं एकमेकांशी भांडत होती आणि मांजरं खिडकीतून एकमेकांकडे राहायला जात होती. पुढं काय होणार हे शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं, तरी जोतीराम तोंड उघडं टाकून बघत होता.

वैजयंतीही बघत होती. तेच तिला जास्त झोंबत होतं. स्वयंपाकघरात निघून जायचं म्हणून ती उठायची, तेवढ्यात ते तांबूस मांजर काहीतरी खोडी काढायचं आणि ती दारातच थांबायची. एकदा तर तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला.

राग सकाळपासूनचा होता. जोतीराम आज दुधनीला जाणार होता. वैजयंती एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासणीचं काम करायची. तिथल्या नीलम्मानं आपल्या माहेरगावचं, दुधनीचं स्थळ आणलं होतं. अभिमन्यू. बियाणांचं दुकान, बायको वारलेली, मूलबाळ नाही. वैजयंतीनंही चाळिशी ओलांडलेली. दोघांचं फोनवर बोलणं व्हायचं, एकदा स्टँडजवळ त्यांनी चहा घेतला होता आणि तिला तो माणूस आवडला होता. आवडला म्हणजे आवडला. या वयात त्याला दुसरा शब्द शोधत बसायची तिला गरज वाटली नव्हती. थोरल्या भावानं येऊन बोलणी करावीत, एवढीच अभिमन्यूच्या काकांची अपेक्षा होती.

तर जोतीरामनं आधी गुडघा पुढं केला, मग कुणाचं तरी जावळ. आज अंगात इस्त्रीचा शर्ट घालून तो तयार झाला आणि म्हणाला, ऊन उतरलं की निघू. जेवणानंतर अभिमन्यूचा फोन येऊन गेला, निघाले का म्हणून. वैजयंतीनं निघतीलच म्हणून सांगितलं. तिकडं दुधनीत लोक वाट बघत होते आणि हा इथं इस्त्रीचा शर्ट चुरगाळत लोळत होता.

पडद्यावर तांबूस मांजर रस्त्यात आडवं पळालं. नायकानं कचकन ब्रेक मारला, समोरून येणारी नायिका बर्फावरून घसरली आणि हातातला केक त्याच्या कोटावर जाऊन बसला. दोघं आधी एकमेकांवर ओरडले, मग हसायला लागले. जोतीरामनं मांडीवर थाप मारली.

"बघ की अंके, मांजर आडवं गेलं आन् जमलं का न्हाय? लई गुणाचं मांजर हाय."

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ती परत का नाही फिरली, दादा?" ती म्हणाली. "मांजर आडवं गेलं की तिला."

जोतीरामची थाप मांडीवरच राहिली. कोपऱ्यात गवार मोडत बसलेल्या राजेश्वरी वहिनींनी मान वर केली आणि परत खाली घातली. अंकितानं आवाज कमी केला आणि काय झालं म्हणून विचारलं. वैजयंतीनं सांगून टाकलं. पोरगी मोठी झाली होती, कळू दे तिलाही.

अंकिता शाळेत होती तेव्हाची गोष्ट. जेऊरचं स्थळ, मुलगा रेल्वेत. सुपारी फोडायला म्हणून जोतीराम, वहिनी आणि मामा जीप घेऊन निघाले, आणि मोहोळच्या पुढून परत आले. मांजर आडवं गेलं, म्हणाले. जेऊरला चार माणसं बोलावलेली, पुरणाचा स्वयंपाक झालेला. त्यांना तो अपमान सोसला नाही. महिन्याच्या आत मुलाचं दुसरीकडं ठरलं. लोक थोडं थांबतात, दुसऱ्या कुणाला पुढं जाऊ देतात आणि निघतात. तिच्या भावानं मात्र अख्खी जीप फिरवली होती.

"मांजरामुळं, बाबा?" अंकिताला खरं वाटेना.

"तवा मानायची माणसं," जोतीराम म्हणाला. "आन् नशिबात नव्हतं तिच्या. त्याला कोण काय करणार?"

राजेश्वरी वहिनींच्या हातातली शेंग मोडता मोडता थांबली. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"नशिबाचं नाव घेऊ नका," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि मग वैजयंतीकडे वळल्या. "मांजर नव्हतं, वन्सं. मी पुढं बसले होते. मामा मागं झोपलेले. मोहोळच्या पुढं यांनी गाडी कडेला घेतली, बराच वेळ गप बसले आणि माघारी वळवली. घरी काय सांगायचं ते येताना ठरलं. मीपण गप बसले."

टीव्हीवर कुणीतरी गिटार वाजवत होतं. वैजयंतीला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. इतकी वर्षं भिंतीवर दिसेल त्या मांजराला ती पाणी मारून हाकलत आली होती. एक व्यालेली मांजरी तिनं पिलांसकट माळ्यावरून काढली होती. हातावर ओरखडे उठले होते, तरी तिला बरं वाटलं होतं.

"आईचं कोण करणार होतं?" जोतीराम उठून बसला. तो फरशीकडे बघत बोलत होता. "आई हांतरुणात. तुझ्या वहिनीची शाळेतली नोकरी. अंकी बारकी. तू गेली असतीस तर..."

आईचं वैजयंतीनं केलंच होतं. कूस बदलायची, भरवायचं, पाठ पुसायची. आई तिच्या मांडीवर गेली. त्यातल्या एका दिवसाचीही तिची तक्रार नव्हती, आणि म्हणूनच आता तिला रडावं की समोरची बादली याच्या अंगावर फेकावी ते कळेना.

"विचारलं असतंस तर मीच थांबले असते की," ती म्हणाली. "जेऊरला तसा निरोप दिला असता. कदाचित तेही थांबले असते. तू मला विचारलंसुद्धा नाहीस."

समोरची बादली तिनं पायानं बाजूला सारली.

"आणि आता? आता कोण आहे अंथरुणात?"

तो म्हणाला, घरात तुझी सवय झालीया. ते इतकं खरं होतं की क्षणभर तिचं मन पाघळलं. लगेच तिला स्वतःचाच संताप आला. अशीच पाघळत आली होती ती आजवर.

तिनं फोन उचलला. आतल्या खोलीत गेली नाही, तिथंच सगळ्यांसमोर उभी राहिली.

"अभिमन्यू, आमच्याकडून आज कुणी येत नाही. नाही, तब्येती बऱ्या आहेत सगळ्यांच्या. यायचंच नव्हतं कुणाच्या मनात. उद्या सकाळी मी येते. काकांना सांगा, माझी बोलणी मीच करणार आहे म्हणून."

पलीकडून अभिमन्यू काहीतरी बोलला. ती 'चालेल' म्हणाली, 'जेवायलाच थांबेन' म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला होता. त्यांना काही बोलावं असं वैजयंतीला वाटलं नाही. आज तरी नाही.

जोतीराम शर्टाच्या सुरकुत्या हातानं सारख्या करत उभा राहिला.

"मी येतो की उद्या. सकाळीच गाडी काढतो."

"नको," वैजयंती म्हणाली. "तू अक्कलकोटपासनं परत फिरशील."

तिनं अंकिताला टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला आणि दिवाणाच्या मधोमध जाऊन बसली. पडद्यावर अजून बर्फ पडत होता आणि ती दोघं पुन्हा भांडत होती. जोतीराम फडकं आणून फरशीवरचं पाणी पुसायला लागला.