पहिल्या पाच पाळ्या

आमच्या स्टेशनरीच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. ड्रॅगन-राक्षसांच्या पत्त्यांचा तो खेळ नवा नवा आला, तेव्हा भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, तिथले वह्यांचे गठ्ठे हलवून टेबलं मांडली. लोक आमच्याकडून पत्त्यांची पाकिटं घ्यायचे, तिथेच फोडायचे आणि नको ते पत्ते टाकून जायचे. ते मी गोळा करायचे.

खेळ असा होता: दर पाळीला जमिनीचा एक पत्ता मांडायचा. जितक्या जमिनी, तितका मोठा प्राणी उतरवता येतो. ड्रॅगनला सहा जमिनी लागायच्या आणि हवा असायचा सगळ्यांना ड्रॅगनच. म्हणून सुरुवातीला दोघंही नुसत्या जमिनी मांडत गप्पा हाणायचे. टाकून दिलेले पत्ते होते ते खुजे, एका जमिनीत उतरणारे टोळभैरव. खेळायला प्रत्येकानं आपापल्या पत्त्यांचा कॅट बांधायचा असायचा; मी या टोळभैरवांचाच बांधला. पहिल्या पाळीला एक उतरवायचा, दुसरीला त्याच्याकडून थेट समोरच्या खेळाडूवर वार करायचा आणि आणखी दोन उतरवायचे. बचावाला कुणी ठेवायचं नाही. समोरच्याचा ड्रॅगन हातातच राहायचा आणि वारांनी गुण शून्यावर येऊन त्याचा खेळ आटपायचा.

"वहिनी, हा खेळ आहे की दरोडा?" शेजारचे औषधवाले कपाळाला हात लावायचे. "निदान दार तरी वाजवा!"

"दरोडेखोर दार वाजवतात होय?"

या खेळाच्या मोठ्या स्पर्धेला प्रत्येक दुकानातून एकाच खेळाडूला प्रवेश होता; तो ठरवायला मागच्या खोलीत सामने लागले. मला जायचं होतं. लग्नानंतर इतकं मनापासून मी काही मागितलं नव्हतं. हेही मागत नव्हते, जिंकत होते. शेवटचा सामना माझा आणि भाऊजींचा ठरला. पंच आमचे हे.

मी टेबलाशी बसले, तसे हे खाकरले. "आजपासून एक नियम. पहिल्या पाच पाळ्या कुणी हल्ला करायचा नाही. खेळ जरा रंगला पाहिजे."

"हा नियम कधी ठरला?"

"काल."

"काल तर आपण शेजारी बसून जेवलो. तेव्हा बोलला नाहीत."

"चारचौघांत वाद नको."

"हा तर रडीचा डाव," औषधवाले पुटपुटले. पण खुर्चीतून उठले नाहीत.

पाच पाळ्या माझे टोळभैरव टेबलावर नुसते उभे राहिले. भाऊजी सावकाश जमिनी मांडत होते, मध्येच शीळ घालत होते. सहाव्या पाळीला, मी हल्ला करायच्या आत, त्यांचा ड्रॅगन उतरला आणि एका फुंकरीत माझं सगळं टेबल साफ झालं.

भाऊजी मोठ्या तोऱ्यात गेले आणि पहिल्याच फेरीत गारद होऊन आले. कुणा शिक्षिकेनं असल्याच खुज्यांनी त्यांना चौथ्या पाळीत लोळवलं होतं. आमच्या दुकानाचा नियम तिथे कोण विचारतो!

पुढच्या वर्षी भाऊजींनी सरळ विचारलं, "वहिनी, तुमचा तो कॅट द्या ना."

"कॅट माझा आहे. मीच जाते."

"घरातलाच आहे ना?" हे म्हणाले. "कोणीही गेलं तरी काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल, तर मी गेले तरी चालेल की."

हे हसले. "आणि दुकान कोण बघणार?"

कपाटातून कॅट काढून त्यांनीच भावाच्या हातात ठेवला. भाऊजी जिंकून आले. मागच्या खोलीत आरडाओरडा झाला, भाऊजी टेबलावर बसून लोकांना शिकवू लागले, "पहिल्या पाळीपासून तुटून पडायचं. दम घेऊ द्यायचा नाही." पाच पाळ्यांचा नियम त्याच दिवशी मोडीत निघाला. त्या पद्धतीला लोक भाऊजींचं नाव लावू लागले, अजून लावतात.

तेव्हा एका नव्या गिऱ्हाइकानं मला विचारलं होतं, "तुम्हीही खेळता का हो?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "छे! तिला कुठला एवढा वेळ?"

औषधवाले तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.