बारा हजार वर्षांची आरोळी

काचेच्या कपाटातल्या दाताला उंचवट्यांच्या तीन ओळी होत्या. पुढची झिजून जवळजवळ सपाट झालेली, मधली अर्धवट, मागची अजून टोकदार. डॉ. लोएटा स्टँपर गुरांची डॉक्टर होती. जबड्यात बोट घालून जनावराचं वय सांगण्यात तिचा जन्म गेला होता, त्यामुळे शाळा मंडळाच्या बैठकीला जाता-येता तिची नजर आपोआप तिकडे वळायची. म्हातारं नव्हतं, असं तिला दर वेळी वाटे. अजून बरीच वर्षं फांद्या चावल्या असत्या याने.

दाताखालच्या पाटीवर लिहिलं होतं की हा मॅस्टोडॉनचा दात. हत्तीचा केसाळ, नामशेष झालेला नातेवाईक, जो इथल्या खारट झऱ्यावर मीठ चाटायला येई आणि चिखलात रुतून मरे. त्यापुढे पूर्वी आकडा होता. आता तिथे पांढरी पट्टी चिकटवून ‘खूप पूर्वी’ असं टाइप केलं होतं. खूप म्हणजे किती, हे मात्र हॉब्स लिक गावच्या शाळा मंडळाला दोन बैठका घालवूनही ठरवता आलं नव्हतं.

खरा वाद पाटीचा नव्हताच, जीवशास्त्राच्या तासाचा होता. मंडळाचे अध्यक्ष लाइल कोम्ब्स यांनी ठराव आणला होता की उत्क्रांतीचा धडा सुरू करण्याआधी शिक्षकाने एक निवेदन वाचून दाखवावं: हे केवळ एक मत आहे, जीवसृष्टी कशी झाली याबद्दल इतरही मतं आहेत, ती मुलांनी घरी विचारावीत. मूळ मसुद्यात ‘इतर मतं’च्या जागी सरळ ‘देवाने सहा दिवसांत’ असं होतं. वकिलाने ते पाहून कपाळाला हात लावला आणि देवाला मसुद्यातून बाहेर काढलं. सरकारी शाळेत धर्म शिकवायला बंदी, त्यामुळे कोर्टात देव टिकत नाही, इतर मतं टिकतात, असं त्याचं म्हणणं पडलं.

मंडळात पाच जण. दोघं ठरावाच्या बाजूने, दोघं विरोधात, आणि पाचवी लोएटा. गेलं वर्षभर ती एकच वाक्य बोलत आली होती: “पुढच्या बैठकीत ठेवूया.” सुरुवातीला लोकांना तो शहाणपणा वाटला. मग सवय झाली. हल्ली तर चिटणीस बाई तिचं नाव पुकारतानाच ‘तहकूब’ लिहायला घ्यायच्या.

तिच्या नवऱ्याला, गार्नेटला, याची फार गंमत वाटे. “अगं, अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालतेस तेव्हा कधी म्हणालीस का, की वासरू पुढच्या बैठकीत काढूया म्हणून?” तो न्याहारीच्या मऊ, पावासारख्या बिस्किटावर रस्सा ओतता ओतता विचारी. ती म्हणे, गाय मत मागत नाही.

मत कुठल्या बाजूला आहे, हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. टॅम्सिन रिग्सबी ही शाळेतली जीवशास्त्राची एकुलती एक शिक्षिका. तिने लोएटाला भेटून शांतपणे सांगितलं होतं की हे निवेदन वाचायची वेळ आली तर ती राजीनामा देऊन बहिणीकडे लुइव्हिलला जाईल. ती धमकी नव्हती; बाईने घर विकायला काढण्यासाठी चौकशीही केली होती. तिच्या जागी कोण येईल, याचं उत्तर गावात कुणापाशी नव्हतं. फार तर फुटबॉलचे कोच पुस्तक उघडून वाचून दाखवतील, असं लोक म्हणत, आणि ते चेष्टेत म्हणत नव्हते.

दुसऱ्या पारड्यात पियानो होता. बॅप्टिस्ट चर्चमध्ये लोएटा तरुणपणापासून दर रविवारी पियानो वाजवत आली होती. पाळक ड्वाइट अँबर्गी भला माणूस. त्यांनी तिला बाजूला घेऊन, दुखवायचं नाही अशा आवाजात सांगितलं होतं, “भगिनी लोएटा, मी काही म्हणत नाही. पण चर्चच्या मंडळीतली माणसं विचारतायत, की देवाचं वचन एक मत आहे असं मानणारीच्या पियानोवर आम्ही गायचं का?” ती म्हणाली, वचनाबद्दल मी कधी काही बोललेच नाही. त्यावर पाळक उसासा टाकून म्हणाले, “तेच तर. तसंच राहू द्या.”

आणि ती तशीच राहत आली होती. गोठ्यात एक, चर्चमध्ये एक. स्वतः लाइल कोम्ब्सच्या शेळ्यांचंच घ्या. जंताचं औषध लागू पडेना, तेव्हा तिने त्याला समजावलं होतं की औषधाने बहुतेक जंत मरतात, जे थोडे तगतात त्यांचीच पिल्लावळ पुढे वाढते, आणि काही पिढ्यांनी सगळेच तगणारे. लाइलने मान डोलावली. अगदी बरोबर, म्हणाला, आमच्या आजोबांच्या वेळचे जंत असे नव्हते. मग आवाज खाली आणून, “फक्त त्या गोष्टीला तुम्ही ते नाव देऊ नका, डॉक्टर,” असं सांगून नव्या औषधाची बाटली घेऊन गेला. तिने नाव दिलं नाही.

या वर्षी शरद ऋतूत ठरावाला एक कलम जोडलं गेलं. कुणीतरी सुचवलं की नुसतं निवेदन पुरे नाही, आकड्यांचंही काही करायला हवं. बायबलच्या हिशेबाने जग सहा हजार वर्षांचं, म्हणून लिहिलं गेलं: शाळेच्या आवारात सहा हजार वर्षांपलीकडचा कोणताही आकडा खात्रीने सांगितला जाणार नाही. अंतिम मतदानापर्यंत हे कलम अध्यक्षांच्या अधिकारात प्रायोगिक म्हणून लागूही झालं. ‘वर्गात’ लिहायचं ते ‘आवारात’ झालं, कारण लाइलला तो शब्द जास्त भारदस्त वाटला.

फुटबॉलचं मैदान आवारात येतं.

हॉब्स लिकच्या संघाचं नाव मॅस्टोडॉन. शुक्रवारी संध्याकाळी सामन्याआधी भोंग्यावरून विचारलं जाई, “किती जुने?” आणि अख्खं गाव पाय आपटून ओरडे, “बारा हजार वर्षं!” पाळक अँबर्गी तरुणपणी याच संघातून खेळलेले. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच असे. त्या आरोळीत आकडा आहे, हे आजवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

भोंग्यावरचा माणूस नियमाचा पक्का. त्याने मुख्याध्यापकांना विचारलं, मुख्याध्यापकांनी वकिलाला. वकिलाने मजकूर दोनदा वाचला आणि सांगितलं की आकडा म्हणता येणार नाही, आकड्याच्या जागी ठरावातलेच शब्द वापरणं सुरक्षित. त्या शुक्रवारी भोंग्याने विचारलं, “किती जुने?” आणि चिअरलीडर मुलींनी हातातले रंगीत झुबके हलवत, पाठ केल्याप्रमाणे उत्तर दिलं, “इतर मतं आहेत!”

पलीकडच्या बाकांवर पाहुण्या गावाची माणसं पोट धरून हसत होती. मॅस्टोडॉन त्या दिवशी असे हरले की सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात लोक मक्याच्या लाह्या तिथेच टाकून घरी गेले.

त्यानंतरच्या बैठकीला शाळेचं नेहमीचं वाचनालय पुरेना, म्हणून ती जिममध्ये, खेळाच्या बंदिस्त हॉलमध्ये भरली. उत्क्रांतीच्या वादात वर्षभर ज्यांनी तोंड उघडलं नव्हतं ती माणसं रांगेत उभी होती. एक ट्रकवाला म्हणाला की माझ्या बापाने बारा हजार म्हटलं, मी म्हटलं, माझी पोरं काय इतर मतं म्हणणार? टाळ्या थांबेनात. एका आजीबाईंनी विचारलं की सहा हजारच हवं असेल तर निदान ‘दोनदा सहा हजार’ म्हणता येईल का. टॅम्सिन रिग्सबी मागच्या भिंतीला टेकून उभी होती. आपल्या बाजूने एवढी गर्दी तिने आयुष्यात पाहिली नव्हती, आणि ती गर्दी खरं तर तिच्या बाजूने नव्हतीच.

लाइल कोम्ब्सने हात वर करून शांतता केली. त्याच्यापाशी तोडगा होता. ‘आवारात’ खोडून ‘वर्गात’ करायचं. मैदानावर बारा हजार, वर्गात इतर मतं. दोन्हीकडचा मान राखला जातो, असं तो म्हणाला.

जिममधून सुटकेचा असा उसासा निघाला की लोएटाला तो छातीवर जाणवला. पाळक अँबर्गी हसून मान डोलावत होते. ट्रकवाला शेजाऱ्याची पाठ थोपटत होता. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. दाराच्या या बाजूला खरं ते त्या बाजूला खरं नाही, आणि मधे एक दार.

लोएटाला हसू आलं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं. हा तोडगा लाइलने आज काढला. ती तो कित्येक वर्षं वापरत होती. गोठ्यात जंतांबद्दल सांगायचं, नाव द्यायचं नाही. रविवारी सूर धरायचा, तोंड उघडायचं नाही. लाइलने फक्त ते कागदावर आणलं होतं. आणि एवढं करून दाराच्या चुकीच्या बाजूला उभी राहणार होती ती टॅम्सिन आणि तिच्यापुढची पोरं, ज्यांना मैदानात ओरडलेला आकडा वर्गात विचारता येणार नव्हता.

चिटणीस बाईंनी नावं पुकारायला सुरुवात केली. बाजूने. विरोधात. बाजूने. विरोधात. तिचं नाव शेवटी. पहिल्या रांगेत बसलेल्या पाळकांनी तिच्याकडे पाहिलं; त्या नजरेत धाक नव्हता, विनवणी होती, आणि तीच जास्त जड होती.

“डॉक्टर स्टँपर?” बाईंनी विचारलं आणि न पाहता ‘तहकूब’ लिहायला पेन कागदाला लावलं.

“बाई, ते खोडा,” लोएटा म्हणाली.

पेन थांबलं.

“माझं मत विरोधात. वर्गासाठीही विरोधात. आणि पुढच्या बैठकीतही ते विरोधातच असेल.”