वात घाईत का गेली

एकोणचाळिसावा तुकडाही शहाण्यासारखा जळाला. वीतभर वात, अकरा सेकंद. अडतिसाव्याला साडेदहा लागले होते, सदतिसाव्याला अकरा. मी वहीत आकडा लिहिला आणि पत्र्यावरची राख फुंकून टाकली.

"किती?" बाबांनी विचारलं. ते मागच्या अंगणात उपड्या बादलीवर बसले होते. सकाळपासून जागचे हलले नव्हते.

"अकरा."

"म्हणजे बरोबर."

"हो. बरोबर."

दोघांनाही ते उत्तर नको होतं.

बारा दिवसांपूर्वी याच वेटोळ्यातली वात मास्तरांच्या हातात घाईत गेली होती. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. आमच्या सात जणांच्या हौशी आतषबाजी मंडळात वयाने सगळ्यात मोठे. मंडळाकडे परवाना आहे आणि गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत महिन्यातून एकदा सगळे जमतात. भुईनळे, झाडं, फिरती चक्रं असं ज्याने जे केलं असेल ते पेटवून बघतात. वाती मात्र सगळ्यांसाठी बाबाच करतात. आयुष्य लेथवर गेलेला माणूस. सुती दोऱ्यावर मसाला चढवतानासुद्धा तो दोरा चिमटीत फिरवून जाडी बघतो. त्यांच्या वातींवर मंडळी घड्याळ लावतात, म्हणून त्यांना 'घड्याळजी' म्हणतात.

त्या दिवशी मास्तरांनी चक्राच्या वातीला काडी लावली. वीस सेकंद मिळायला हवे होते. वाकलेला माणूस सरळ होऊन पंधरा पावलं मागे येऊन मागे वळून बघेल एवढा वेळ. मास्तर सरळसुद्धा झाले नाहीत. उजवा हात भाजला आणि दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत. डावा डोळा वाचेल, उजव्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत.

तेव्हापासून बाबा जेवायला बसतात आणि ताटाकडे बघून उठतात.

"दमट असेल," मी पहिल्या दिवशी म्हणाले होते. मग स्वतःच खोडलं. दमट वात रेंगाळते, विझते, पण पळत नाही. मसाल्याला तडा असेल? मी तुकडे मुद्दाम वाकवून तडे पाडले. दोरा कुठे जाड, कुठे बारीक असेल? भिंगाखाली बघितला. वेटोळ्याचं पहिलं टोक, शेवटचं टोक, मधला भाग. उन्हात ठेवलेले तुकडे, सावलीत ठेवलेले तुकडे. पदवी घेताना जे जे शिकवलं होतं, ते सगळं त्या पत्र्यावर जाळून झालं. वहीत 'कारण' असं शीर्षक लिहिलेला रकाना कोरा होता.

"राहू दे आता," बाबा म्हणाले. "साडेतीन झाले. मी निघतो."

हीच भीती होती. चक्रं दोन केली होती, जुळी, एकाच वेटोळ्यातल्या वातीची. दुसरं अजून खाणीत ताडपत्रीखाली तसंच होतं. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने ते उद्या सकाळी पाण्यात बुडवून नष्ट करायला सांगितलं होतं. बाबांनी ठरवलं होतं की त्याआधी, आज पाच वाजता, आपण ते हाताने पेटवायचं. मास्तर जिथे वाकले होते तिथेच वाकून.

"त्याने काय कळणार आहे, बाबा?"

"माझी वात काय करते ते कळेल."

"आणि घाईत गेली तर?"

"तर कळलं," ते म्हणाले. भाजी संपली म्हणावं तसं.

आईने दारात वाट अडवली. "तुमच्या चपला मी लपवल्यात. शोधून दाखवा."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि तिच्याच गुलाबी पट्ट्यांच्या चपला पायात सरकवल्या. टाचा अर्ध्या बाहेर.

"अहो, लाज वाटू द्या जरा!"

"खाणीत कोण बघणार आहे?"

आई हसली आणि त्याच श्वासात तिला रडू फुटलं. माझा दंड तिने घट्ट धरला. "तू जा बरोबर. तुला एवढं शिकवलंय, त्यांना थांबव."

स्कूटरवर मागे बसून मी रस्ताभर विचार केला. एक तरी गोष्ट मी तपासली नसेल, एक तरी. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं आणि मला यादीत काहीही नवीन सापडत नव्हतं. शेवटी मी ठरवलं की आपण काडेपेटीच हिसकावून घ्यायची. पदवीधर मुलीचा शेवटचा उपाय.

खाणीत कुणी नव्हतं. पहिलं चक्र जिथे होतं तिथे जमीन अजून काळी होती. बाबा पाण्याच्या बादल्या भरायला टाकीकडे गेले. पेटवण्याआधी सहा बादल्या भरून ठेवायच्या हा त्यांचा नियम, मरायला निघाले तरी मोडणार नाहीत. मी दुसऱ्या चक्रावरची ताडपत्री ओढली.

चक्राच्या मधून खाली वात येत होती आणि वातीवर कागदाची नळी होती. आलेखाच्या कागदाची, हिरव्या चौकटी असलेली. माझ्या वहीचा कागद.

त्या सकाळी दव पडलं होतं. बाबा असेच बादल्या भरायला गेले होते. वात भिजेल म्हणून मी वहीची पानं फाडली, पिशवीत पडलेल्या विणायच्या सुईवर गुंडाळून नळ्या केल्या आणि दोन्ही वातींवर चढवल्या. काडी लावायला दोन बोटं टोक मोकळं ठेवलं. पहिली चढवताना मास्तर जवळच होते. "वा, शिकलेलं डोकं," असं म्हणाले होते. मला ते फार आवडलं होतं.

चाळीस-एक तुकडे मी जाळले होते. सगळे उघडे. वात मी तपासली होती, पण त्या दिवशी जशी बसवली होती तशी एकदाही तपासली नव्हती. नळी माझ्या यादीत आलीच नाही. ती संरक्षण होती, आणि संरक्षणावर कोण संशय घेतं? उघडी वात जळते तेव्हा तिचा जाळ आणि गरम वायू बाजूला निघून जातात. नळीत त्यांना बाजूच नसते. ते फटीतून पुढे धावतात आणि पुढची सगळी वात एकदम पेटवतात. हे कुणी मला परीक्षेत विचारलं असतं तर मी आकृती काढून लिहिलं असतं.

टाकीचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. माझी बोटं नळीवर होती. एक ओढ, की ती निघेल आणि खिशात जाईल. मग बाबांनी खुशाल काडी लावावी. वात वीस सेकंद घेईल, बाबा पंधरा पावलं मागे येतील, घरी जाऊन जेवतील. आणि उरलेल्या आयुष्यात त्यांना खरं कारण कधीच कळणार नाही.

"बाबा, इकडे या."

ते दोन बादल्या घेऊन आले आणि दहा पावलांवर थांबले. बादल्या खाली ठेवल्या नाहीत, सुटल्या. पाणी गुलाबी चपलांवरून वाहून गेलं.

"नळी?" ते म्हणाले. "अगं, नळीतली वात तर पळते. एकाच वेळी चार भुईनळे पेटवायचे असले तर आम्ही मुद्दाम घालतो. काडी लावायच्या वातीला नळी कुणी घातली?"

मला मास्तरांचं नाव घेता आलं असतं. त्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

"मी."

बाबांचे खांदे खाली आले. बारा दिवसांत पहिल्यांदा. मी ते नीट पाहिलं. त्यांना हलकं वाटलं होतं, आणि पुढच्याच क्षणी कशाने हलकं वाटलं ते कळून त्यांनी तोंडावर हात घेतला.

मी वात नळीसकट सोडवली, तिचा तुकडा कापला आणि लांब काठीच्या टोकाला बांधला.

"कशाला आता? मला माहीत आहे ना," बाबा म्हणाले.

"मला बघायचंय."

फस् झालं आणि संपलं. घड्याळावर शून्य पूर्णांक सात आला. तो वातीचा वेळ नव्हता, बटण दाबणाऱ्या माझ्या अंगठ्याचा होता. उरलेली वात आम्ही बादलीत बुडवली आणि चक्रावर पाणी ओतलं.

"आपण असं सांगू," बाबा स्कूटर सुरू न करताच म्हणाले, "नळी मी घातली."

"मास्तर तिथेच होते, बाबा. त्यांना माहीत आहे कुणी घातली."

बाबांनी किल्ली फिरवता फिरवता हात थांबवला. मास्तरांना माहीत असून ते बारा दिवस बोलले नव्हते, हे आम्हा दोघांना एकाच वेळी कळलं असणार, कारण बाबांनी स्कूटर सरळ दवाखान्याकडे वळवली.

भेटायची वेळ सहापर्यंत होती. मास्तर उशीला टेकून बसले होते. उजवा हात पट्टीत गुंडाळलेला, चेहऱ्यावर अर्ध्यापर्यंत पट्टी. मी पलंगाच्या पायाशी उभी राहून त्यांच्या चक्राचं सगळं सांगितलं, दवापासून नळीपर्यंत. त्यांनी मला मध्ये थांबवलं नाही.

"नळी मी बघितली होती," मास्तर म्हणाले. "म्हटलं, दवापुरती आहे, पेटवताना काढून टाकू. आणि गप्पांत विसरलो. काडी लावली तेव्हा नळी बोटाला लागली. तेवढ्यात."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," बाबा म्हणाले.

"होतं."

"अधिकारी आला तेव्हाही?"

"घड्याळजी, मी पोरीचं नाव घ्यायचं होतं का? कालपरवा शिकून बाहेर पडलीय. तिने जन्मभर हे घेऊन फिरायचं? मी म्हटलं, वात घाईत गेली, दोष कुणाचा नाही."

"वात माझी आहे, मास्तर."

"तुमचं नाव कुठे घेतलं मी?"

"घ्यायला लागत नाही! सगळ्या गावात वाती कोण करतो?" बाबांचा आवाज चढला तशी परिचारिका दारात आली आणि थांबली. "बारा दिवस. एक निरोप नाही पाठवता आला? आज पाच वाजता मी दुसऱ्या चक्राला काडी लावणार होतो."

मास्तरांचं तोंड आवाजाच्या दिशेने वळलं. "दुसऱ्या चक्राला? त्यालाही नळी होती?"

बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून.

"पोरी," मास्तर म्हणाले, आणि पट्टीत गुंडाळलेल्या हाताने पलंगाची कड चाचपायला लागले. "त्यालाही होती का?"

"होती," मी म्हणाले.