सात पट्ट्यांची वीत

काचेच्या कपाटातून बोलतेय, तेव्हा आवाज दबका येईल. मी एक वही आहे. ऐंशी जणांनी मिळून वाजवायची एक अख्खी सिंफनी माझ्यात एकट्या पियानोसाठी उतरवली आहे. कपाटावरची पाटी म्हणते, 'थोर पियानोवादकांच्या हस्ताक्षरातील वही'. साफ खोटं!

मला लिहिलं ऑर्केस्ट्रातल्या मागच्या रांगेतल्या एका व्हायोलिनवाल्याने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भाजी चिरून झाली की तिथेच. त्याच्या बायकोचे गुडघे गेले होते. तीन जिने उतरून सभागृहात जाणं संपलं, म्हणून त्याने सभागृहच वर आणायचं ठरवलं. घरात तिचा जुना पियानो होता.

"अहो, ऐंशी माणसं माझ्या दहा बोटांत मावायची कशी?"

"दाटीवाटीने बसवतो. तू काळजी करू नकोस."

पण तिचा हात लहान. आठ पट्ट्या कुणीही सहज गाठतं, तिची वीत सातवरच संपायची. म्हणून त्याने पहिल्या पानावर तिचा पंजा ठेवून पेन्सिलीने गिरवला, वाकड्या करंगळीसकट, आणि पुढचा सूर न् सूर त्या मापाने बेतला. जिथे हात पोचणार नाही, तिथे एकदम वाजायचे सूर मोडून एकामागोमाग ठेवले. वर्ष लागलं. नाव मात्र कुठेच टाकलं नाही. "घरातल्या घरात नाव कशाला?" म्हणाला. तिथेच घात झाला.

ती रोज सकाळी मला वाजवायची. स्वतः चुकली की टपली मात्र मला. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

मग त्याला दुर्बुद्धी सुचली. एक बडा पियानोवादक ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला आला, तेव्हा त्याने भीतभीत मला पुढे केलं. "सवडीने चाळा, चुका असतील तर सांगा."

"आठवड्यात परत करतो," पियानोवादक म्हणाला. आयत्या बिळावर नागोबा! त्या पंजावर त्याने स्वतःच्या सहीचा कागद चिकटवला आणि मला गावोगाव गाजवलं.

दोन वर्षांनी फोन आला. पियानोवादक तो स्पीकरवर टाकून नखं कापत बसला होता. आवाज मी लगेच ओळखला.

"काल रेडिओवर ऐकलं. ते सूर माझ्या हातासाठी मोडलेत. तुमचा हात तर केवढा मोठा."

"बाई, वहीवर कुणाचं नाव होतं का?"

"नाव तुमचंच असू दे. हे गेले गेल्या महिन्यात. वही तेवढी परत द्या, मला निम्मीच पाठ आहे."

"ती मी संगीतशाळेला देऊन टाकली," तो म्हणाला, आणि नखांचे तुकडे माझ्यावरून झटकले. दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी दिली.

आता इथे लांबसडक बोटांची मुलं येतात. सगळे सूर एका हातात आरामात धरतात, तर मास्तर खेकसतात, "एकदम नाही, मोडून वाजव! ती गुरुवर्यांची शैली आहे." शैली कसली डोंबलाची! एका बाईची करंगळी पोचत नव्हती, एवढंच.

कुणाकडे या कपाटाची किल्ली असेल, तर हात जोडून सांगते. पहिल्या पानावरचा कागद ओल्या फडक्याने भिजवा, अलगद सुटेल. खाली पेन्सिलीचा पंजा आहे. तो बघा आणि मला घेऊन ते तीन जिने चढा. पण लवकर. पाठ असलेली निम्मीही ती एव्हाना विसरत चालली असेल.