गार शेगडीचा धूर

मी एक जुनी लाकडी खोपी आहे, मित्रांनो, आणि माझा संसार पाण्यावर आहे. हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटातलं आमचं तळं कडक गोठलं, की माझा मालक आर्नी मला गाडीला बांधून बर्फावर ओढत नेतो. बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि माझ्या पोटातल्या लोखंडी शेगडीपाशी शेकत बसायचं. गोठ्याच्या जुन्या फळ्यांपासून त्यानंच मला बनवलं. तेव्हा तळ्यावरचे सगळे माझं कौतुक करत. आता मी एका बाजूला कलले आहे, पण दिसायचं ते मला दिसतं.

यंदा आर्नीचं लक्षण मला ठीक दिसेना. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून दर काही महिन्यांनी त्याचं रक्त तपासतात. या वेळी ट्यूमर मार्करचा, म्हणजे कॅन्सरची चाहूल देणारा, आकडा थोडा वर गेला. डॉक्टरांचा फोन यायच्या आधीच त्याच्या बायकोनं, मार्लिसनं, तो मोबाइलवर आलेल्या रिपोर्टमध्ये पाहिला. रोग परत आला, असं तिनं धरूनच टाकलं. आर्नी मात्र रोज माझ्यात येऊन दडायचा.

एके दुपारी ती सूप घेऊन आली. आत येताच तिनं हुंगलं, हातमोजा काढला आणि शेगडीवर हात ठेवला.

"गार आहे ही."

"आत्ताच विझली गं."

"लाकडांवर बर्फ बसलाय! मग कोटाला धुराचा वास कुठला रे? मी आपली शेगडीचा म्हणून धुतेय."

आर्नीनं उगाच गळ वर ओढून पाहिला.

"सिगारेट सोडली म्हणालास ना? डॉक्टरांनाही हीच थाप मारलीस?"

"दोनच ओढतो. मासे लागेनात की..."

"खड्ड्यात गेले तुझे मासे! इथे माझा जीव टांगणीला लागलाय!" ती रडू लागली. मलाही फार वाईट वाटलं.

तिथूनच तिनं दवाखान्यात फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं खरं सांगितलं. नर्स म्हणाली, "सिगारेटनंही हा आकडा थोडा चढतो. एवढ्यावरून रोग परतला असं म्हणता येत नाही, आणि परतला नाही असंही म्हणता येत नाही. ओढणं बंद करा. पुन्हा रक्त तपासू. आकडा चढतच राहिला तर स्कॅन करू."

ती तपासणी अजून व्हायची आहे. मित्रांनो, एका आकड्यावरून आपणच निकाल लावू नका, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका. जमलं तर माझ्या फटीही बुजवा, वारा फार झोंबतो.

मार्लिस आता रोज येते. बसण्याआधी शेगडीला हात लावून बघते, विश्वास नाही अजून. काल तिनं हात झटकन मागे घेतला. चांगलाच चटका बसला होता, आणि ती हसत होती.