परक्या कव्हरातली नऊ वर्षं

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, दीड वीत रुंद, मधोमध निळा कागद. मला आवाज आहे, पण सुई टेकल्याशिवाय तो फुटत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझं सगळं दुःख या एका गोष्टीत आहे.

पोळीच्या गोळ्यासारखा एक काळा, ऊन ऊन गोळा दोन साच्यांमध्ये दाबला गेला आणि मी जन्मले. माझ्या रेघांमध्ये एका बाईंचा आवाज भरला होता. वय अठ्ठावन्न, आवाज खर्जातला. एक मेंढी हरवते आणि मेंढपाळ तिला शोधत निघतो, एवढीच गोष्ट. खरं तर ते प्रवचनच, पण गायलेलं. शब्द पुढे जातो, थांबतो, मागे वळून पुन्हा स्वतःलाच हातात घेतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, देव आज माझ्याशीच बोलतोय. माझ्या दुसऱ्या बाजूला मेंढपाळ तीन हाका मारतो. तिसऱ्या हाकेला बाईंचा आवाज किंचित फाटला. यंत्रावरच्या माणसाने विचारलं, "पुन्हा घ्यायचं का?" बाई म्हणाल्या, "कशाला? तीन हाका मारल्यावर कुणाचाही आवाज फाटेल."

हंगेरीतल्या शोप्रॉन गावी ओडोन नावाच्या चष्मेवाल्याने मला विकत घेतलं. ते दिवस सुखाचे होते. दर गुरुवारी चार वाजता त्याच्या खोलीत पाच-सहा गानवेडी माणसं जमायची. राजम्याची खारी बिस्किटं, थोडी तांबडी वाईन, आणि मग कुणी बोलायचं नाही. निघताना प्रत्येकाने आपली एक तबकडी दुसऱ्याला उसनी न्यायला द्यायची, आणि आत एक चिठ्ठी घालायची: कुठली बाजू ऐकायची, का ऐकायची. मी अशी अर्ध्या गावात फिरून आले. "हिला जपून हाताळा," असं ओडोन म्हणायचा, तेव्हा मला लाजल्यासारखं व्हायचं.

त्या मेळ्यात हेडविगबाई होत्या. वीस वर्षं चर्चच्या गायकवृंदात खर्जाची बाजू सांभाळणाऱ्या. एका ईस्टरला वरचा सूर घेताना त्यांचा आवाज फाटला आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी वही मिटली ती मिटलीच.

"आता मी फक्त भांडी घासताना गाणार," त्या एका गुरुवारी म्हणाल्या. "भांडी हसत नाहीत."

पुढच्या गुरुवारी बाईंना मलाच द्यायचं, हे ओडोनने मनाशी पक्कं केलं.

द्यायच्या दिवशी सकाळी त्याने मला आंघोळ घातली. हो, तबकड्यांनाही आंघोळ असते. कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ कुंचला, आणि मग ताटाळ्यात उभं राहून वाळणं. गाव सोडून गेलेल्या शेजाऱ्याने ओडोनला तबकड्यांची एक पेटी देऊन टाकली होती. तो ढीगही त्याने, एकदाही न ऐकता, माझ्याबरोबर धुवायला काढला. आम्ही सगळ्या एकाच कारखान्यातल्या, सगळ्यांच्या पोटावर तोच निळा कागद. वाफेने चष्मा धूसर झाला म्हणून ओडोनने तो काढून ठेवला. गावभराला चष्मे देणारा माणूस! माझ्या कव्हरात त्याने शेजारी वाळणारी लष्करी बँडची तबकडी घातली, आणि मला घातलं तिच्या कव्हरात. मी ओरडणार कशी? सुई कुठे होती?

माझं कव्हर हेडविगबाईंच्या घरी गेलं. आत चिठ्ठी होती: "दुसरी बाजू लावा. आवाज कसा लागलाय ते ऐका. मला तर तुमचीच आठवण होते."

बाईंनी दुसरी बाजू लावली. ढूम ढूम, भों भों! चौदा तुताऱ्या आणि एक ढोल.

दोन दिवसांनी ते कव्हर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी ओडोनच्या दुकानात ठेवलं आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. ओडोनने उघडलं, तर आत बँड. तो शेजाऱ्याच्या पेटीतला, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

"बघितलंस?" तो त्याच्या मित्राला, वेंडेलला म्हणाला. "माझी ठेवून घेतली आणि मला हा भोंगा पाठवला."

"अरे, विचार तरी त्यांना."

"मी विचारू? घेतली तिने आणि तोंड मी उघडू?"

बँडची तबकडी त्याने उघडीच वेंडेलच्या हातात कोंबली. माझं रिकामं कव्हर, चिठ्ठीसकट, फळीवर ठेवलं. माझ्यापासून चार बोटांवर!

मित्रांनो, तिथे मी नऊ वर्षं उभी होते. गुरुवार यायचे. हेडविगबाईंची खुर्ची रिकामी राहायची. मग माणसंही कमी होत गेली. कुणी देवाघरी गेलं, कुणी मुलाकडे गेलं. ओडोन एकटाच बसून ऐकायचा. कधी कधी माझं रिकामं कव्हर काढायचा, हलकेच दाबून बघायचा आणि परत ठेवायचा. मी इथे आहे रे, असं मी म्हणायचे. पण ते माझं मलाच. तीन हाका पोटात घेऊन गप्प उभं राहणं काय असतं, ते त्या मेंढपाळाला तरी कळलं असतं का, कोण जाणे.

मग एकदा भिंतीला रंग द्यायचा म्हणून फळ्या उतरवायची वेळ आली. वेंडेल मदतीला आला. मी ज्यात उभी होते ते कव्हर पाहून तो ओरडला, "हे तर त्या बँडचं कव्हर! माझ्याकडची बिचारी नऊ वर्षं नागडी पडलीय. नेऊ का?"

"ने की. मला काय करायचंय त्याचं?"

वेंडेलने कव्हर उचललं आणि थबकला. "ओडोन, आत काहीतरी आहे."

ओडोनने चष्मा पुसला. माझ्या पोटावरची बारीक अक्षरं वाचली. आणि तो रंगाच्या डब्यावरच बसला.

"लाव ना, ऐकू तरी," वेंडेल म्हणाला.

"नाही. आधी तिने ऐकायचं."

त्याच दुपारी त्याने हेडविगबाईंचं दार वाजवलं. बराच वेळ वाजवलं. मग शेजारणीने किल्लीने उघडून दिलं आणि म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाही हो. दोन वर्षं झाली. लिहून दाखवावं लागतं."

ओडोन मला कव्हरासकट छातीशी धरून आत गेला.

त्याने बाईंच्या वहीत सगळं लिहिलं: आंघोळ, वाफ, चष्मा. बाई वाचत गेल्या. आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या.

"आणि मी नऊ वर्षं धरून बसले होते, की माझा आवाज तुतारीसारखा आहे असं या मेल्याला म्हणायचंय! अहो, तेव्हाच का नाही लिहून कळवलंत?"

"लिहिलं होतं," ओडोनने लिहिलं. "चिठ्ठी होती."

"त्या चिठ्ठीनेच तर घात केला!"

मग त्याने मला लावलं. नऊ वर्षांनी सुई टेकली आणि मी गायला लागले. हेडविगबाई समोर बसल्या होत्या, माझ्याकडे नाही, ओडोनच्या चेहऱ्याकडे बघत. पहिली हाक. दुसरी. तिसरीला त्याची हनुवटी हलली, तसं त्यांनी बोट वर केलं.

"इथे फाटला ना तिचा आवाज?"

त्याने मान हलवली.

"आणि तरी तुम्हाला मीच आठवले?"

"म्हणूनच," ओडोन म्हणाला. त्यांना ते ऐकू आलं नाही, पण कळलं.

तेव्हापासून मी माझ्या कव्हरात, त्यांच्याच घरी असते. ओडोन दर गुरुवारी चारला यायचा. तो मला ऐकायचा आणि त्या त्याला बघायच्या. या हिवाळ्यात तो बर्फावर घसरला आणि गुडघ्यामुळे त्याने अंथरूण धरलं. तरी गुरुवारी चार वाजता हेडविगबाई मला काढतात, आधी चष्मा लावून माझ्या पोटावरची अक्षरं वाचतात, सुई टेकवतात आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसतात. मी गाते. त्या घरात मला ऐकणारं कुणी नाही. तरी तिन्ही हाका मी पुऱ्या मारते. कारण मेंढपाळाला कोणीच विचारत नाही, की मेंढीला ऐकू येतंय का.

मित्रांनो, तुमच्याही फळीवर कुणीतरी परक्या कव्हरात उभं असेल. वर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. एकदा सुई टेकवून बघा. तुम्हाला ऐकू येतंय तोवर.